तसबिरींचा वाडा



आज मी तुम्हाला इटली देशातल्या फ्लॉरेन्स शहराविषयी सांगणार आहे. पण या गोष्टीची सुरुवात फ्लॉरेन्समध्ये होत नाही. ती होते सातारा जिल्ह्यातल्या एका घराच्या ओसरीवर.

माझी नोकरी सांगलीची, सासुरवाडी साताऱ्याकडची. त्या भागात पलटणीत गेलेली माणसे पुष्कळ. आपशिंगे गावाला तर लोक ‘मिलिटरी आपशिंगे’ असेच म्हणतात. माझ्या पत्नीचे आजोबा, ज्यांना सगळे घर आबा म्हणे, मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत होते. परत आल्यावर त्यांनी पलटण सोडली आणि औत धरले. ट्रंकेत दोनतीन पदके राहिली. त्यांतले एक ‘इटली स्टार’.

घरातली पोरे विचारीत, ‘आबा, लढाईत तुम्ही काय केलंत?’ पोरांना बंदुकीची गोष्ट हवी असे. आबा सांगत, ‘एका वाड्यावर पहारा दिला. आत तसबिरीच तसबिरी. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, दारापेक्षा मोठ्या. एका तसबिरीत तीन बायका अनवाणी फेर धरत्यात, आन् बाजूला एक बूटवाला गडी त्यांच्याकडं पाठ करून काठीनं संत्री पाडतोय.’

झाले! पोरे हसत, मोठी माणसेही हसत. पुढे तर पारावर कोणी ना कोणी विचारायचाच, ‘काय आबा, पडली का संत्री?’ असे कैक वर्षे चालले. शेवटी आबांनी ती गोष्ट सांगणेच सोडून दिले. 1998 साली ते गेले. माझी पत्नी तेव्हा शाळकरी मुलगी होती. हसणाऱ्यांत तीही होती.

लग्नानंतर ही गोष्ट माझ्या कानावर आली ती घरातला एक विनोद म्हणूनच. मी इतिहासाचा एम. ए., इतिहास शिकवणारा. मीही हसलो.

पुढे एकदा कॉलेजच्या ग्रंथालयात इटलीतल्या लढाईविषयी वाचत होतो, आणि एका पानावर थबकलो. फ्लॉरेन्समध्ये उफिझी नावाचे जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय आहे. युद्ध सुरू झाल्यावर बॉम्बच्या भीतीने तिथली चित्रे शहराबाहेरच्या वाड्यांत आणि गढ्यांत हलवली होती. त्यांतली एक गढी माँतेगुफोनी नावाची, एका इंग्रज घराण्याच्या मालकीची. 1944 च्या जुलैअखेर लढाई तिथे येऊन ठेपली तेव्हा त्या गढीत आपली मराठा पलटण उतरली होती. एरिक लिंक्लेटर नावाचा स्कॉटिश लेखक तिथे गेला, तेव्हा भिंतींना टेकवून ठेवलेली ती अमोल चित्रे त्याने पाहिली. त्यांत बोत्तिचेल्ली या चित्रकाराचे ‘वसंत’ हे चित्र होते. उफिझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला हे तर चित्रांची काळजी वाटून, लढाईच्या धामधुमीत पायी चालत त्या गढीवर येऊन राहिले होते. आणि चित्रांवर पहारा ठेवला होता मराठा जवानांचा.

मी घरी येऊन सौ.ला हे वाचून दाखवले. ती हसली नाही. बराच वेळ काही बोललीही नाही. मी मोबाइलवर ते ‘वसंत’ चित्र काढून दाखवू लागलो, तेव्हा तिने हात आडवा केला. म्हणाली, ‘नको. आबांनी जे समोर उभं राहून पाहिलं, ते मी मोबाइलवर बघायचं? आपण जाऊन बघू.’

आता, युरोपला जायचे म्हणजे कारखानदाराने जावे, किंवा ज्याचा मुलगा तिकडे आहे त्याने जावे, अशी आपली समजूत. आम्ही दोघेही पगारदार, ती माध्यमिक शाळेत शिक्षिका. पोस्टात दरमहा पैसे टाकले, तीन वर्षे थांबलो. यात्रा कंपन्यांकडे चौकशी केली, तर फ्लॉरेन्सला एक दुपार, असा हिशेब. तेव्हा आपले आपणच जायचे ठरवले. दोन पाठपिशव्या घेतल्या, एकेकीत आठ किलोंपेक्षा जास्त सामान नाही. आबा अशा पिशवीला पलटणीतला शब्द वापरत, ‘पिट्टू’. आम्हीही तोच वापरू लागलो. दोन कपड्यांचे जोड, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कागदपत्रे. मुंबईहून विमानाने रोम, आणि रोमहून सावकाश जाणाऱ्या स्वस्त गाडीने फ्लॉरेन्स.

उतरलो ते एका वसतिगृहात. एका खोलीत आठ खाटा, बाकी सगळी विशीतली पोरे. चाळिशीचे हे जोडपे पिट्टू घेऊन आत आले तेव्हा त्यांना गंमत वाटली असावी. पण अशा प्रवासात एक कळते. ज्याचे सामान पाठीवर मावते त्याला हमाल लागत नाही, रिक्षा लागत नाही, आणि शहर पायांखालून जाते. जेवणाचे म्हणाल, तर त्या मुलुखातला पाव अळणी असतो, त्यात मीठच घालत नाहीत. आमच्या चटणीने तिथे मोठीच कामगिरी बजावली.

फ्लॉरेन्सच्या मधून आर्नो नदी वाहते. सांगलीच्या माणसाला नदीकाठचे शहर समजावून सांगावे लागत नाही. तिथल्या भिंतींवर जागोजाग पाट्या आहेत: 4 नोव्हेंबर 1966 रोजी पाणी इथवर आले होते. काही पाट्या माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. आम्ही दोघे तशा एका पाटीखाली उभे राहिलो आणि दोघांनाही 2019 चा ऑगस्ट आठवला, मारुती चौकातले पाणी आठवले. फ्लॉरेन्सच्या त्या पुरात राष्ट्रीय ग्रंथालयाची पुस्तके चिखलात गेली. तेव्हा देशोदेशीची तरुण मुले रांगा करून उभी राहिली आणि एकेक ग्रंथ हातोहात वर काढला. त्या मुलांना तिथे ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उफिझीत तिकीट लागत नाही. आम्ही तोच दिवस धरला होता. सकाळपासून रांगेत उभे राहिलो. उफिझी या शब्दाचा अर्थ कचेऱ्या. 1560 साली तिथल्या राज्यकर्त्याने सरकारी दप्तरांसाठी ही इमारत बांधायला घेतली, पुढे तिचे संग्रहालय झाले. दालनामागून दालने. मी प्रत्येक चित्रापाशी थांबत होतो, आणि सौ. मला पुढे ओढत होती.

मग ते चित्र आले. सव्वातीन हात नव्हे हो, सव्वातीन मीटरच्या जवळपास रुंद आणि दोन मीटर उंच, लाकडी फळ्यांवर रंगवलेले. समोर माणसांची ही गर्दी. सौ. टाचा उंचावून पाहू लागली. गर्दी थोडी सरली तशी ती पुढे झाली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

चित्रात संत्र्यांची बाग आहे. पायाखाली हिरवळीत शेकडो फुले. मधोमध प्रेमाची देवता. डावीकडे तीन स्त्रिया, झिरझिरीत वस्त्रे, हातांत हात गुंफलेले, फेर धरलेला. तिघी अनवाणी. आणि अगदी डाव्या कडेला एक तरुण. पायांत बूट. त्या तिघींकडे पाठ. उजव्या हातातली काठी वर झाडात घातलेली.

सौ. एवढेच म्हणाली, ‘अहो, बूट.’

जाणकार सांगतात की हा तरुण म्हणजे देवांचा दूत मर्क्युरी, आणि तो काठीने ढग दूर सारतो आहे. असेल. पण साताऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराने लाल-पिवळ्या फळांच्या झाडात काठी घातलेला माणूस पाहिला, तर तो दुसरे काय म्हणणार? जे दिसले तेच आबांनी सांगितले होते. एक शब्दही पदरचा घातला नव्हता.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या गढीवर पहारा देणाऱ्यांत आबा होते, असा लेखी पुरावा माझ्यापाशी नाही. पलटण मराठ्यांची होती याला आधार आहे, आबा त्या रेजिमेंटात आणि इटलीत होते याला पदक साक्षी आहे. बाकी साक्ष आबांच्या तोंडची. इतकी वर्षे ती घरात होती आणि आम्ही तिच्यावर हसत होतो.

दुसऱ्या दिवशी बसने आणि मग पायी, आम्ही माँतेगुफोनीला गेलो. शहरापासून सुमारे वीस किलोमीटर. टेकड्यांवर जैतुनाची झाडे आणि द्राक्षांच्या ओळी. तासगावचे मांडव ज्याने पाहिले त्याला ते वेल बुटके वाटतात. गढीचा उंच मनोरा लांबूनच दिसतो. आता तिथे पाहुण्यांची राहण्याची सोय आहे. आम्ही फाटकापाशी पिट्टू उतरवले. कामावरच्या एका बाईने काय हवे म्हणून विचारले. भाषा येत नव्हती. सौ.ने मनोऱ्याकडे बोट केले, मग खांद्यावर बंदूक धरल्यासारखे करून दाखवले, मग ‘इंदिया’ म्हणाली. बाईंना काय उमगले कोण जाणे, पण त्यांनी आम्हाला चौकात नेले, पाणी दिले आणि थोडा वेळ एकटे सोडले. सौ. एका भिंतीला हात लावून उभी राहिली. परतताना म्हणाली, ‘मी पण हसले होते हो.’ यावर मी काय बोलणार?

श्रोते हो, फ्लॉरेन्समध्ये आपल्याकडच्या एका मोठ्या माणसाची खूण आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबर 1870 रोजी ते फ्लॉरेन्सला वारले. वय अवघे वीस वर्षांचे. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना आपल्या पद्धतीने अग्नी दिला गेला. त्या जागी 1874 मध्ये छत्री उभारली, आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. छत्रीची आखणी मेजर मँट यांची, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याचा. जवळच 1978 मध्ये झालेल्या मोठ्या पुलाला लोक ‘इंदियानो’ म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात. निघण्याच्या दिवशी आम्ही बागेतून चालत तिथे गेलो, हात जोडले. आपल्या मुलुखातला राजा इतक्या दूर, इतक्या लहान वयात गेला, हे तिथे उभे राहिल्यावर मनाला लागते.

आणि तिथेच मनात आले, राजाची आठवण दगडात राहिली, ते योग्यच झाले. शिपायांचे काय? इटलीच्या भूमीवर आपल्या मराठा पलटणींतल्या यशवंत घाडगे यांना 1944 च्या आणि नामदेव जाधव यांना 1945 च्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे तिथेच पडले. 2023 साली इटलीतल्या माँतोने गावात त्यांचे स्मारक झाले. पण ज्यांनी नुसता पहारा दिला, चिखल तुडवला आणि परत येऊन नांगर धरला, त्यांचे स्मारक एकच, त्यांनी सांगितलेली गोष्ट. ती कोणी ऐकली तर.

स्टेशनवरून सौ.ने माझ्या सासऱ्यांना एक कार्ड टाकले. त्यावर तेच चित्र होते. मजकूर दोन ओळींचा: ‘तीर्थरूप अण्णांस, तसबीर आहे. गडी संत्रीच पाडतोय.’ कार्ड आमच्यानंतर घरी पोचले. अण्णांनी ते दोनदा वाचले. मग ट्रंक उघडून पदक काढले, चिंचेने घासले, आणि आबांच्या फोटोखाली खिळा मारून लावले. पारावरच्या मंडळींना त्यांनी ते कार्ड नेऊन दाखवले की नाही, हे मी विचारले नाही. पण कार्डाचे कोपरे आता पुष्कळ मळले आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या वर्गातल्या मुलांना एका रविवारचा अभ्यास द्या. घरातल्या किंवा आळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी तासभर बसायचे आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचे. कोणते साल, कोणते गाव, बरोबर कोण होते, काय खाल्ले, काय पाहिले. कोणी गलाईच्या धंद्यासाठी विट्याहून परमुलुखात गेला असेल, कोणी गिरणीत, कोणी पलटणीत. मध्येच दुरुस्ती करायची नाही, आणि हसायचे तर मुळीच नाही. खरे-खोटे ताडून पाहायला पुढे पुस्तके आहेत, नकाशे आहेत. पण सांगणारा माणूस गेल्यावर विचारायचे कोणाला?

आम्हाला ते विचारायला फ्लॉरेन्सपर्यंत जावे लागले, आणि तेही उशिरा. तुमच्या ओसरीवर कोणी बसले असेल, तर त्यांच्यापाशी आज संध्याकाळीच जा.