रक्तातील ट्यूमर मार्कर आणि मधुमेह : अहवालातील आकड्याचा खरा अर्थ

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



संस्था पन्नास वर्षांची होते तेव्हा तिच्याबरोबर तिचे कार्यकर्तेही वयाने वाढलेले असतात. स्थापनेच्या दिवशी ज्या तरुणांनी सतरंज्या अंथरल्या, ते आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यामुळे सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आरोग्याचा विचार व्हावा, हे उचितच आहे. त्यातही एका विषयाबद्दल समाजात बराच संभ्रम दिसतो. संपूर्ण शरीर तपासणीच्या नावाखाली मिळणाऱ्या ‘पॅकेज’मध्ये हल्ली ‘ट्यूमर मार्कर’ नावाच्या रक्तचाचण्यांचा समावेश असतो. या चाचण्यांचा मधुमेहाशी कोणता संबंध आहे आणि कोणता नाही, हे समजून घेणे आवश्यक झाले आहे.

ट्यूमर मार्कर म्हणजे कर्करोगाच्या गाठीमुळे रक्तात वाढू शकणारा पदार्थ. मॉन्ट्रियल येथील फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ‘सीईए’ हा पदार्थ शोधला. पुढे १९७९ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधील हिलरी कोप्रोव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीए १९-९’ चे वर्णन केले. स्वादुपिंडाच्या कर्करोगात याच पदार्थाचे मापन प्रामुख्याने केले जाते. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी ‘पीएसए’ आणि स्त्रियांच्या बीजकोशासाठी ‘सीए १२५’ ही नावेही अनेकांनी अहवालात वाचली असतील.

या चाचण्यांची खरी उपयुक्तता निदान झाल्यानंतरची आहे. शस्त्रक्रियेनंतर आकडा खाली आला का, औषध लागू पडते आहे का, रोग पुन्हा डोके वर काढतो आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टर त्यांचा आधार घेतात. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसात कर्करोग हुडकून काढण्यासाठी सीईए किंवा सीए १९-९ यांची शिफारस केली जात नाही. याचे कारण असे की हे पदार्थ निरोगी पेशीही थोड्या प्रमाणात तयार करतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत सीईए वाढलेले आढळते. कावीळ, पित्तनलिकेतील खडा किंवा स्वादुपिंडाची सूज असल्यास सीए १९-९ वाढते. उलट शंभरातील सुमारे पाच ते दहा माणसांच्या शरीरात जन्मतःच सीए १९-९ तयार होत नाही. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तरी ही चाचणी निर्दोष येऊ शकते.

आता मधुमेहाकडे वळू. इन्सुलिन तयार करणारे स्वादुपिंडच सीए १९-९ चेही एक उगमस्थान आहे. त्याच्या नलिकांतील पेशींत हा पदार्थ निर्माण होतो. रक्तातील शर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिली की या ग्रंथीवर ताण येतो आणि सीए १९-९ किंचित वाढते, असे मानले जाते. मधुमेही व्यक्तींत सीए १९-९ आणि सीईए यांची सरासरी काहीशी अधिक असते, शर्करेवर नियंत्रण नसेल तर ती आणखी वाढते आणि शर्करा आटोक्यात आली की बहुधा खाली येते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. पीएसएचे मात्र उलट आहे. मधुमेही पुरुषांत त्याची सरासरी थोडी कमी आढळते. म्हणजे एकीकडे मधुमेहामुळे अकारण भीती निर्माण होऊ शकते, तर दुसरीकडे अकारण निश्चिंतीही.

समजा, पंचावन्न वर्षांच्या एका व्यापाऱ्याच्या अहवालात सीए १९-९ चा आकडा ४८ आला. सर्वसाधारण मर्यादा ३७ ची. घरात रडारड सुरू होते, सोनोग्राफी होते, सीटी स्कॅन होतो, दोन शहरांतील तज्ज्ञांचे दरवाजे ठोठावले जातात. त्याच अहवालाच्या दुसऱ्या पानावर एचबीए१सी ९.२ टक्के आहे, याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. स्कॅन निर्दोष आल्यावर सारे सुटकेचा निःश्वास सोडतात आणि पेढे वाटतात. डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांना पोखरणारा खरा रोग मात्र तसाच राहतो. अशा वेळी स्कॅनची गरज आहे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे. पण शर्करेवरील उपचार त्याच दिवशी सुरू झाले पाहिजेत आणि काही आठवड्यांनी मार्करची पुन्हा तपासणी झाली पाहिजे.

तथापि या विवेचनाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. कधी कधी मधुमेहामुळे मार्कर वाढत नाही, तर कर्करोगामुळेच मधुमेह होतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान होते तेव्हा सुमारे निम्म्या रुग्णांना मधुमेह असतो आणि त्यांपैकी बहुतेकांना तो अलीकडेच जडलेला असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. सुरेश चारी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी ०.८५ टक्के व्यक्तींमध्ये पुढील तीन वर्षांत हा कर्करोग आढळला. म्हणजे हजारात आठ-नऊ. भारतात या कर्करोगाचे प्रमाण अमेरिकेपेक्षा बरेच कमी आहे.

मग अशा हजार जणांची सीए १९-९ चाचणी सरसकट केली तर काय होईल? ही चाचणी शंभर रुग्णांपैकी ऐंशी जणांना ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी नव्वद जणांना निर्दोष ठरवते, असे मानू. नऊ रुग्णांपैकी सात सापडतील. पण उरलेल्या ९९१ निरोगी माणसांपैकी ९९ जणांचा आकडाही वाढलेला येईल. भीतीचा अहवाल हाती आलेल्या १०६ कुटुंबांपैकी ९९ कुटुंबांची धावाधाव व्यर्थ ठरेल. ज्यांना मधुमेहही नाही अशा सर्वसामान्य लोकांत तर हे प्रमाण याहून कितीतरी विषम होईल.

म्हणून चाचणीआधी लक्षणांकडे पाहावे. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह उद्भवला, घराण्यात तो नाही, प्रयत्न न करता वजन झपाट्याने उतरत आहे, भूक मेली आहे, पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी वेदना आहे किंवा डोळे पिवळे दिसत आहेत, तर ‘साखर वाढली, गोळी घेऊ’ एवढ्यावर थांबू नये. विलंब न करता तज्ज्ञाकडे जावे. वजन उतरले म्हणून कौतुक करण्याची ती वेळ नव्हे.

मधुमेहाचा धोका आधी ओळखायचा असेल तर त्यासाठी ट्यूमर मार्करची गरज नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेली भारतीय मधुमेह जोखीम गुणपद्धती चार गोष्टी विचारते : वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आई-वडिलांना मधुमेह आहे का. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. त्यानंतर रक्ताची साधी चाचणी करावी. उपाशीपोटी शर्करा १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहपूर्व अवस्था. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह. तक्रार नसल्यास निदान दुसऱ्या चाचणीने पक्के करावे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २००३ नव्हे, तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्ती आहेत. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने तर हेही दाखवून दिले की वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. ‘आपण बारीक आहोत, आपल्याला काय होणार?’ हा भ्रम त्यामुळे सोडायला हवा.

जैन आचारात यावरील उपाय पूर्वीपासून आहेत. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे म्हणजे अवमौदर्य. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या रसांपैकी एखाद्याचा नियमाने त्याग म्हणजे रसपरित्याग. सूर्यास्तापूर्वी भोजन हे तर श्रावकाचे सहज व्रत. या आचारांचा हेतू आत्मशुद्धी आहे. शरीराला होणारा लाभ हे त्याचे आनुषंगिक फळ. मात्र सूर्यास्तापूर्वी पोटभर तळीव आणि गोड खाल्ले तर व्रताची वेळ पाळली जाते, संयम पाळला जात नाही. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींचा मधुमेहाचा धोका केवळ आहार व व्यायामातील बदलाने २८.५ टक्क्यांनी घटला. तेव्हा मंदिरापर्यंत वाहनाने न जाता पायी जाणे हेही औषधच समजावे.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. इन्सुलिन किंवा शर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पर्युषण पर्वातील उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. शर्करा एकाएकी घसरल्यास जिवावर बेतू शकते. आपली शक्ती ओळखून तप करावे, असेच शास्त्रही सांगते.

सुवर्णमहोत्सवानिमित्त आरोग्य शिबिर घ्यायचे असेल तर ट्यूमर मार्करवर निधी खर्च करण्याऐवजी तीस वर्षांवरील प्रत्येकाची शर्करा, रक्तदाब, कमरेचा घेर आणि तोंडाची तपासणी व्हावी. भगिनींसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी व्हावी. शासनाच्या असंसर्गजन्य रोग तपासणी कार्यक्रमाचा भरही याच गोष्टींवर आहे. शिबिरानंतर सहा महिन्यांनी त्याच व्यक्तींना पुन्हा बोलावून पाहणे, हे शिबिराच्या उद्घाटनाइतकेच महत्त्वाचे मानावे.

अनेकांतवाद शिकवतो की वस्तूकडे एकाच बाजूने पाहिल्यास सत्य हाती लागत नाही. रक्ताच्या अहवालातील आकडाही तसाच आहे. माणसाचे वय, त्याची शर्करा, वजन आणि लक्षणे या सर्व बाजूंनी पाहिल्यावरच त्याचा अर्थ उलगडतो. एका आकड्याने घाबरून जाणे आणि एका आकड्यावर विसंबून राहणे, हे दोन्ही एकांतच होत.

सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो. जय जिनेंद्र.