वेगळा विदर्भ आणि आपले तळे



वेगळ्या विदर्भावर बोलावे असे आपण कळविलेत, तेव्हा आम्ही थोडे कचरलो. या विषयावरची नागपुरातली भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. ती अनुशेषाच्या आकड्यांनी सुरू होतात आणि मुंबईला चार शब्द सुनावून संपतात. आम्हांला मात्र या तळ्याच्या पाळीवरून बोलायचे आहे.

मागणी जुनी आहे, आणि ती देशापासून फुटण्याची नाही. एकाच वाड्यात वेगळी चूल मांडण्याची आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९३८ सालीच महाविदर्भाच्या वेगळ्या प्रांताचा ठराव केला होता. पुढे १९४७ मध्ये अकोला करार झाला, १९५३ मध्ये नागपूर करार झाला. १९५५ साली फाजल अली आयोगाने तर आठ जिल्ह्यांचे विदर्भ राज्य करावे अशी स्पष्ट शिफारसच केली. त्या आठांत आपला तेव्हाचा भंडारा जिल्हा होता. ती शिफारस बाजूला राहिली, आणि राजधानी गमावलेल्या नागपूरच्या वाट्याला वर्षाकाठी एक अधिवेशन आले. १९६२ साली नागपूरकरांनी लोकनायक बापूजी अण्यांना याच प्रश्नावर लोकसभेत धाडले. पुढे जांबुवंतराव धोट्यांनी रान उठविले, तेही ओसरले.

मराठी माणसाची दोन राज्ये कशाला, असे विचारतात. तेलुगू भाषकांची २०१४ पासून दोन आहेत. त्यांची भाषा काही दुभंगली नाही. आपल्या शेजारचे छत्तीसगड २००० साली वेगळे झाले. आमचा कौल वेगळ्या राज्याच्या बाजूने आहे, हे आडपडदा न ठेवता सांगतो.

पण एक गोष्ट मनात सलते. हे तळे कोलू पाटील कोहळ्याने बांधले असे आपण सांगत आलो. झाडीपट्टीत अशी तळी गावोगाव आहेत. तुडुम केव्हा उघडायचे, कोणाच्या बांधीत आधी पाणी सोडायचे, हे गावच ठरवी, आणि पाणकर ते पाळी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती गेली हे योग्यच झाले; मालगुजाराचा जाच ज्यांनी सोसला त्यांना विचारा. पण तिच्याबरोबर तळी सरकारजमा झाली, गाळ कोणी काढायचा हे फाइलीवर गेले, आणि गावाचा हात सुटला. हा कायदा कोठे झाला? मुंबईत नव्हे. राजधानी तेव्हा नागपूरला होती!

तेव्हा राजधानी जवळ आली म्हणजे तळ्याची चावी गावात येते, असे आम्हांस म्हणवत नाही. वऱ्हाडचा कापूस आणि झाडीचा धान यांची गाऱ्हाणीही एक नाहीत. नव्या राज्यात कापसाचा आवाज मोठा, धानाचा लहान, असे होणार नाही कशावरून?

घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्य निर्माण करणे संसदेच्या हाती आहे. विधानसभेचे मत मागवितात, पण ते बंधनकारक नसते. आंध्रच्या विधानसभेने २०१४ च्या जानेवारीत तेलंगणाचे विधेयक फेटाळले, आणि फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले. म्हणून भंडारा-गोंदियाचा उमेदवार विदर्भाचे नाव घेऊन या पाळीवर येईल, तेव्हा त्याला खुशाल हार घाला. मात्र हार घालण्यापूर्वी, तुमच्या राज्यात आमचे तुडुम कोण उघडील, एवढे त्याच्याकडून चारचौघांत वदवून घ्या.