यादीतली नावं



स्मरणिकेची नावांची यादी एक्सेलमधून मजकुरात आणायला मी पायथन वापरलं. पुढच्या वेळी तुम्हालाही जमेल. २०१२ पासून पायथनसोबतच येणाऱ्या ‘व्हेन्व्ह’ने या कामापुरतं वेगळं वातावरण तयार करा, त्यात ‘ओपनपायएक्सएल’ बसवा. फाइल लिहिताना ‘यूटीएफ-८’ सांगायला विसरू नका. नाहीतर विंडोजवर देवनागरी अडू शकते.

जुन्या फॉन्टमधली नावं मात्र यंत्राला रोमन अक्षरंच वाटतात. ती बोरिवली-मुलुंडच्या मैत्रिणींनी पुन्हा टाइप केली. त्यांत आज आपल्यात नसलेलेही आहेत. त्यांना फोन करून ऱ्हस्व-दीर्घ विचारता येत नाही. म्हणून बाईंनी जुन्या हजेरीपटावरून एकेक नाव तपासलं.

यादीत स्वतःचं नाव शोधाल, तेव्हा शेजारचंही वाचा.