सिमल्याचे बर्फाचे क्रीडांगण

सिमल्याच्या लक्कड बाजारानजीकचे स्केटिंगचे मैदान 1920 साली ब्लेसिंग्टन या गृहस्थाने सुरू केले. तेथे बर्फ धरण्याची रीत यंत्राची नव्हे, थंडीची. सूर्यास्तानंतर मैदानावर पाणी शिंपडावयाचे. पातळ थर रात्रीतून गोठतात आणि डोंगराच्या सावलीत सकाळी टिकून राहतात. आकाश मात्र निरभ्र हवे. ढग दाटले की जमिनीची उष्णता कोंडते व बर्फ धरत नाही. नवल असे की, हिमवर्षावही येथे विघ्नच ठरतो. डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम. सकाळ-संध्याकाळच्या सत्रांत मुले आधी तोल सावरावयास शिकतात, हॉकीची काठी नंतर. या खेळास सराव हवा तो सलग. आणि उबदार होत चाललेल्या हिवाळ्यांत तशा सलग रात्रीच विरळ झाल्या आहेत.