ऊसतोड भगिनींनी दाद कोठे मागावी?

(कोल्हापूर येथील भाषणाचा मजकूर)



दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील टोळ्या कोल्हापूरच्या वाटेला लागतात. शिरोळ, हातकणंगले, कागलच्या शिवारांत कोप्या उभ्या राहतात आणि हंगाम संपेपर्यंत जिल्ह्यातील साखर कारखान्यांची धुराडी याच कुटुंबांच्या श्रमावर पेटती राहतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल दोघांच्या नावे. एक दिवस काम चुकले की 'खाडा' पडतो आणि दंड उचलीत मिळवला जातो. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणाऱ्या स्त्रीला शौचालय नाही, आडोसा नाही, पुरेसे पाणीही नाही. ओटीपोटाचे दुखणे, अंगावरून जाणे ती हंगामभर अंगावर काढते आणि गावी परतल्यावर डॉक्टरची पायरी चढते.

त्या पायरीवर काय घडत आले, हे २०१९ साली उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा; देशात १५ ते ४९ वयोगटातील हे प्रमाण सुमारे तीन आहे. यातील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे म्हणणे योग्य होणार नाही. परंतु औषधाने बरा होणारा आजार घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना पिशवी खराब झाली, कर्करोग होईल, असे भय घालण्यात आले. डॉक्टरचा शब्द देवाचा मानणाऱ्या त्या बायांनी शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल घेतली. तिशीतच पाठ धरली, हाडे ठिसूळ झाली, आणि कोयता मात्र सुटला नाही.

येथे विश्वासच हत्यार झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्यातही तेच दिसले. लॅरी नासर हा नामांकित क्रीडावैद्य उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींचे लैंगिक शोषण करीत होता. तक्रारी झाल्या, पण हे उपचारच आहेत असे सांगून त्या मिटविल्या गेल्या. २०१६ मध्ये एक माजी खेळाडू स्वतःच्या नावानिशी पुढे आली आणि जानेवारी २०१८ मध्ये १५६ जणींची निवेदने न्यायालयाने सात दिवस बसून ऐकली. दोन्ही गुन्ह्यांचे स्वरूप भिन्न आहे. साम्य एवढेच, की रुग्णाला आपल्याच अनुभवाविषयी शंका घ्यायला लावली गेली. बीडच्या भगिनींची मोजदाद झाली, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अटही आली. पण नियम पुढच्या शस्त्रक्रिया रोखतो. झालेल्या हानीची भरपाई त्यातून मिळत नाही.

त्यासाठी एकेकीची तक्रार लागते, आणि तिला आधार आहे. दिल्लीतील एक स्त्री १९९५ साली तपासणीसाठी गेली असता, ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे आणि जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने नातलगाला संमती देता येत नाही. भरपाई अवघी २५,००० रुपये, तीही तेरा वर्षांनी. तत्त्व मात्र पक्के झाले.

अडचण व्यवहाराची आहे. बीडच्या तारखेला जायचे म्हणजे खाडा. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे शिरोळच्या फडातील बाईसाठी कोल्हापूरचे दार उघडे आहे. रुग्णालयाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कोल्हापुरातील वकिलांनी आणि कारखान्यांच्या संचालकांनी ही गोष्ट कोप्यांपर्यंत का पोहोचवू नये? त्यांच्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब मोजला जातो. शस्त्रक्रियेची कागदपत्रेही तेथेच पाहता येतील.

कागद हातात नसतील तर मागावे लागतील. रुग्णाने मागितल्यास ते ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरवर आहे. जपून ठेवण्याचे बंधन मात्र तीन वर्षांचेच. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असून विलंबाचे सबळ कारण पटल्यास ती वाढते. फड मार्च-एप्रिलात मोकळे होतात आणि टोळ्या परत निघतात. तत्पूर्वी जिची कागदपत्रे पाहिली जातील, तिचा अर्ज तरी येथे दाखल होऊ शकेल.