फ्रा आंजेलिको : मठांतील चित्रकार



महोत्सव आला म्हणजे देवालयाच्या भिंतींस नवा रंग चढतो, वेदीची सजावट होते. अशा वेळीं एक प्रश्न मनांत येणें साहजिक आहे : देवाच्या घरांतील चित्र कोणासाठीं असतें? या प्रश्नाचें उत्तर आपल्या कुंचल्यानें देणाऱ्या एका मठवासी चित्रकाराची ओळख करून देण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

त्यांचें मूळचें नांव ग्विदो दि पिएत्रो. इ. स. १३९५ च्या सुमारास इटलींतील फ्लॉरेन्स नगराच्या उत्तरेस, विक्कियो गांवाजवळ त्यांचा जन्म झाला. १४१७ सालीं ते प्रापंचिक चित्रकार होते. १४२३ पर्यंत त्यांनीं फिएसोले येथील दोमिनिकन मठांत प्रवेश करून फ्रा जोव्हान्नी, म्हणजे बंधु योहान, हें नांव धारण केलें होतें. ‘आंजेलिको’, म्हणजे देवदूतासारखा, हें नांव त्यांस मरणोत्तर मिळालें.

व्रत घेतलें तरी कुंचला सुटला नाहीं. १४३३ सालीं फ्लॉरेन्सच्या लिनन-व्यापाऱ्यांच्या संघानें त्यांजकडून पवित्र मरियेचें भव्य चित्र करवून घेतलें. करारांत उत्तमांतील उत्तम सोनें, निळा रंग व रुपें वापरण्याची अट होती. मोबदला १९० सुवर्ण फ्लोरिन, अथवा चित्रकाराच्या सदसद्विवेकास योग्य वाटेल तितका कमी, असा ठरला होता. व्यवहारांत मुरलेल्या व्यापाऱ्यांनीं किंमत चित्रकाराच्या विवेकावर सोडावी, यावरून त्यांची योग्यता कळून येते.

पुढें १४३६ सालीं पोप चौथे युजीन यांनीं फ्लॉरेन्समधील सान मार्को मठ या बंधूंस दिला. कोझिमो दे मेदिची यांच्या द्रव्यसाहाय्यानें मिकेलोझ्झो या शिल्पज्ञानें तो नव्यानें बांधिला, आणि फ्रा आंजेलिको यांनीं साहाय्यकांसह त्याच्या भिंती रंगविल्या. चाळीसांहून अधिक लहान खोल्या. प्रत्येकींत एक खिडकी व एक चित्र. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढिलेलें हें चित्र गिलावा वाळतांच भिंतीशीं एकजीव होई. येथें सोन्याचा झगमगाट नाहीं, आकृति मोजक्या, रंग सौम्य.

सातव्या खोलींत प्रभूच्या विटंबनेचें चित्र आहे. प्रभूच्या डोळ्यांवर पट्टी आहे. मारणारे हात दिसतात, थुंकणारें मस्तक दिसतें, परंतु त्यांचीं शरीरें चित्रांत नाहींत. खालीं पवित्र मरिया आणि संत दोमिनिक बसलेलीं आहेत. संतांची दृष्टि पुस्तकावर खिळली आहे. मारणारे कोण, हा विचार चित्रकारानें त्या खोलींत राहणाऱ्या बंधूवर सोपविला आहे, असें आम्हांस वाटतें. तो एकटा बंधु हाच त्या चित्राचा नित्याचा प्रेक्षक. त्या एकासाठींही चित्रकारानें हात राखून काम केलें नाहीं.

जिना चढून वर येतांच देवदूताच्या संदेशाचें सुप्रसिद्ध चित्र दिसतें. येथून जातांना मरियेस वंदन करण्यास विसरूं नये, अशी सूचना त्याखालीं लिहिलेली आहे. चित्राची स्तुति करा, असें तेथें लिहिलेलें नाहीं.

१४४५ च्या सुमारास पोपांनीं त्यांस रोम येथें बोलाविलें. पोप पांचवे निकोलस यांच्या प्रार्थनागृहांत त्यांनीं संत स्तेफन व संत लॉरेन्स यांचीं चरित्रें रंगविलीं. संत लॉरेन्स दीनदुबळ्यांस दान देत आहेत, हा प्रसंग त्यांतच आहे. एवढी कीर्ति लाभल्यावरही १४५० सालीं ते फिएसोले येथील मठाचे प्रमुख होऊन परतले. १४५५ सालीं रोम येथें त्यांचें देहावसान झालें. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८२ सालीं त्यांस धन्यवादित घोषित केलें, व १९८४ सालीं कलावंतांचे आश्रयदाते म्हणून त्यांची योजना केली.

बंधुभगिनींनो, फ्रा आंजेलिको यांनीं सोनें वर्ज्य मानिलें नाहीं. जेथें तें शोभलें तेथें तें मनमुराद वापरिलें, आणि जेथें एकान्तांत प्रार्थना व्हावयाची होती तेथें तें बाजूस ठेविलें. आपल्या देवालयांत नवें चित्र लावितांना तें किती किंमतीचें आहे हें आपण अवश्य विचारावें. परंतु त्यापूर्वीं त्याच्यासमोर कोण गुडघे टेंकणार आहे, हें विचारावें.