स्क्रू ड्रायव्हर आपल्याही हातात हवा

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या बहुतेक संघटनांच्या कार्यालयात कुणीतरी देणगी म्हणून दिलेला एखादा जुना लॅपटॉप असतो. तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस, पोटगीच्या अर्जांचे मसुदे, बायकांचे पत्ते, सगळे त्यातच असते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीची मोफत सुरक्षा देणे थांबवले. साधारण २०१८पूर्वीची बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. दुकानदार म्हणतो, "मॅडम, नवीनच घ्या." पैसे नसतात, म्हणून आपण तसेच चालवतो. धोका मात्र आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या बाईला असतो.

यावर दुरुस्तीचा मार्ग आहे. यंत्र मंद होण्याचे कारण बरेचदा आतली फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली की फरक लगेच कळतो. रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही. म्हणून सुटे भाग घेण्याआधी मॉडेल पाहावे. पंख्यातली धूळ काढावी, कारण यंत्र तापले की मंदावते. बॅटरी फुगली असेल तर वापर थांबवा, तिला टोचू नका, कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा केंद्रात द्या.

मग लिनक्स मिंट घालता येते. ते मोफत आहे, त्यात मराठी टंकता येते, आणि आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते. मात्र आपल्या जुन्या फायली युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये करून घ्या. नाहीतर अक्षरांची नुसती रांगोळी दिसेल. लिनक्स बसवतानाच डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय निवडा. पासवर्ड हरवला तर माहितीही जाते, म्हणून दुसरी प्रत सुरक्षित ठेवा.

काढलेली डिस्क दुकानात सोडून येऊ नका. फाईल 'डिलीट' केली तरी ती बरेचदा परत मिळवता येते. माहिती पूर्ण पुसा, नाहीतर आतली चकतीच फोडा.

हे सगळे "तांत्रिक" म्हणून आपण कुणा भावाकडे, कुणाच्या मुलाकडे सोपवतो. शिलाई मशीनचा पट्टा आपण बदलतो, तेल घालतो, कुकरची रिंग बदलतो. त्याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही, एवढेच. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवून, स्क्रू क्रमाने कागदावर ठेवत गेले तर हे कामही जमते.

माझा आग्रह एवढाच आहे : प्रत्येक गटातल्या दोघींनी हे शिकावे. एकीनेच नको, कारण ती गेली की विद्याही जाते. ज्या यंत्रात बायकांची गुपिते आहेत, ते उघडायला आपल्यालाच यायला हवे.